मूल सिकलसेलचं असेल तर: दुखणं, शाळा आणि रोजचं जगणं (इंदूरच्या पालकांसाठी)

रिपोर्टवर ‘एसएस’ (आईवडील दोघांकडून सिकलसेलचा ‘एस’ आला, म्हणजे मुलाला आजार आहे) लिहून आलं की पुढचे काही महिने घरात एकच आकडा फिरत राहतो, हिमोग्लोबिनचा. साडेसात झालं, आठ झालं, परत साडेसात. आजी फोनवर तेच विचारते, शेजारीण बीट आणि डाळिंब आणून देते. एसएसच्या मुलांचं हिमोग्लोबिन बहुधा सात ते नऊच्या आसपासच राहतं, आणि तेवढ्यावर ती शाळेत जातात, भावंडांशी भांडतात, गच्चीवर पतंग उडवतात. त्यांचे दिवस बिघडतात ते दुखण्याने. म्हणून दुखणं किती वेळा आलं, किती रात्री झोप मोडली, किती वेळा खेळ अर्धवट टाकून घरी यावं लागलं, याकडे लक्ष ठेवा, असं मी नव्या पालकांना सांगते.

आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे. सासरे मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. विदर्भ-खानदेशातून आलेली अशी घरं इथे पुष्कळ आहेत, आणि झाबुआ-अलीराजपूरच्या पट्ट्यातही हा आजार खूप आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहूनच सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं. त्यामुळे रिपोर्ट मिळणं आता सोपं झालंय. रिपोर्ट हातात घेऊन घरी आल्यावर काय करायचं, ते मात्र कोणी बसवून सांगत नाही.

मी डॉक्टर नाही, एका एसएस मुलीची आई आहे. खाली औषधांचे जे आकडे येतात ते तुम्हाला अंदाज यावा म्हणून. तुमच्या मुलाचा डोस त्याच्या वजनाप्रमाणे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

१. आधी रिपोर्ट नीट वाचा

शिबिरात बोटाला टोचून होते ती सोल्युबिलिटी, म्हणजे चाळणी तपासणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात ‘एस’ आहे एवढंच कळतं. मूल वाहक आहे (एएस) की आजारी (एसएस), हे कळायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) लागतं. नुसत्या सोल्युबिलिटीवर रडारड नको आणि निर्धास्तही राहू नका.

इथला नेहमीचा सापळा: मुलाला नुकतंच रक्त चढवलंय आणि नंतर एचपीएलसी केली. रक्तदात्याचं रक्त त्यात मिसळलेलं असल्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. साधारण तीन महिने थांबावं लागतं. आईवडिलांचीही एचपीएलसी करून घ्या; मुलाच्या रिपोर्टचा अर्थ लावायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात सुनेच्या माहेरचा दोष निघत नाही. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून, सासूबाई समोर बसलेल्या असताना, ऐकवून घेतलं तर पुढची वर्षं सोपी जातात.

२. रोजचं काम: गोळ्या, पाणी, ऊब

लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या हाडा-मांसाला रक्त मिळेनासं होतं. तेच दुखणं. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, अतिश्रम, जागरण, मानसिक ताण, यांतलं काहीही निमित्त होऊ शकतं. कधी कधी काहीच निमित्त सापडत नाही. तेव्हा “काय केलंस तू?” असं मुलाला विचारू नका.

हायड्रॉक्सीयुरिया हे यातलं मुख्य औषध. लहान बाळात असतं ते हिमोग्लोबिन याने वाढतं आणि दुखण्याच्या खेपा कमी होतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. दोन महिन्यांत “फरक नाही” म्हणून बंद करणारे पालक मी बघितलेत. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. हे कॅन्सरमध्येही वापरलं जाणारं औषध आहे, हे गुगलवर वाचून घरातलं कोणीतरी घाबरवणारच. तेव्हा डॉक्टरांशी बोला, परस्पर थांबवू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने कॅप्सूल उघडू नये. सरकारी यंत्रणेतून औषध मोफत दिलं जातं, पण साठा संपलेला असू शकतो. डबीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा.

फॉलिक ॲसिड रोज. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन देतात, ते चुकवू नका. न्यूमोकोकलची लस आणि तिचे पुढचे डोस, मेनिंजायटीस, टायफॉइड, दरवर्षी फ्लूची लस, हे सगळं लसीकरणाच्या कार्डावर तपासून घ्या. दोन वर्षांनंतर दरवर्षी डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करायची असते. पक्षाघाताचा धोका तिने आधी कळतो. ही तपासणी पुष्कळदा राहून जाते. आपणहून विचारा.

लोहाचं टॉनिक मात्र मनाने देऊ नका. ॲनिमिया म्हटलं की मेडिकलवाला लाल बाटली काढतो. सिकलसेलचा ॲनिमिया लोह कमी असल्यामुळे होत नाही; फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासल्याशिवाय लोह नको. डोळे पिवळे दिसले की काविळीची माळ बांधायला, झाडून घ्यायला पाठवणारेही भेटतील. या मुलांच्या लाल पेशी लवकर फुटतात म्हणून डोळ्यांत थोडा पिवळेपणा असतोच. तो एकदम वाढला, लघवी चहासारखी झाली किंवा पोटाच्या उजव्या बाजूला दुखू लागलं तर डॉक्टर. पित्ताशयात खडे असू शकतात.

पाणी: वीस किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दीड लिटर, मेमध्ये त्याहून जास्त. ताक, लिंबूपाणी, पातळ वरण सगळं यात धरा. आणि हे नीट लक्षात घ्या: या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून ती सारखी लघवीला जातात, मोठी झाली तरी अंथरूण ओलं करतात. रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करणारी घरं आहेत. ते करू नका. गादीवर रबरी चादर टाका, रात्री एकदा उठवा, आणि पाहुण्यांसमोर तो विषय काढू नका.

ऊब म्हणजे डिसेंबर-जानेवारीत माळव्याच्या पहाटेसाठी आतून एक बनियन, पायात मोजे, कानाला टोपी. आंघोळ कोमट पाण्याने, आणि ओल्या अंगाने पंख्याखाली नाही.

३. दुखणं मोजायची पट्टी घरातच तयार करा

डॉक्टर विचारतात, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” सहा वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार. दवाखान्यात चेहऱ्यांची चित्रं असतात, तीही चालतात. पण मूल बरं असताना त्याच्याबरोबर बसून त्याचीच पट्टी तयार केली तर ती जास्त उपयोगी पडते. आमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली आहे ती अशी:

२ – खेळताना विसरायला होतं
४ – खेळ थांबवला, पण गोष्ट ऐकते
६ – मोबाइल बघवतो, जेववत नाही
८ – कोणी पलंगाला धक्का दिला तरी ओरडते
१० – बोलताच येत नाही

यातला सहाचा आकडा महत्त्वाचा. मोबाइल बघत शांत पडलेलं मूल बघून मोठी माणसं म्हणतात, “काही नाही, नाटक आहे.” जुन्या दुखण्याची सवय झालेली मुलं रडत नाहीत, मन दुसरीकडे लावणं हा त्यांचा स्वतःचा उपाय असतो. मूल म्हणालं दुखतंय, तर दुखतंय. हे घरात सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही.

बोलता न येणाऱ्या बाळात हातापायांचे पंजे सुजणं हे बहुधा पहिलं लक्षण असतं. सहा महिन्यांनंतर, बाळाचं आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन कमी होत गेलं की ते दिसू लागतं. बाळ पाय टेकवत नाही, हाताला धरलं की किंचाळतं. मुरगळलं म्हणून चोळायला नेऊ नका.

एका साध्या वहीत रोज एक ओळ लिहा: दुखण्याचा आकडा, कुठे दुखलं, काय दिलं, झोप झाली का, शाळेत गेली का, खेळली का. बरीचशी दुखणी घरीच निभावली जातात, दवाखान्याच्या फाइलमध्ये ती येतच नाहीत. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. वही पुढे केली की डॉक्टरांना हायड्रॉक्सीयुरियाचा डोस वाढवायचा का, ते ठरवता येतं. अशा मुलांचं रोजचं जगणं मोजायला पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली असते, तीत सिकलसेलचा वेगळा भाग आहे. दुखणं, त्याचा रोजच्या कामांवर परिणाम, काळजी, औषधं, दुसऱ्यांना सांगता येतं का, असे प्रश्न. मूल वेगळं भरतं, पालक वेगळं, आणि दोघांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत. तेव्हा वहीतली एक ओळ मुलालाच लिहू द्या. आमच्या वहीत एकदा मी लिहिलं होतं, “आज ठीक.” खाली तिने पेन्सिलीने: “ठीक नाही. पीटीला बसवून ठेवलं.”

४. दुखणं सुरू झालं: पहिले काही तास

ताप मोजा. ताप असेल तर थेट पुढच्या मुद्द्यावर जा.

ताप नसेल आणि आकडा चारच्या आसपास असेल तर लगेच औषध द्या. “बघू थोडा वेळ” करत सातपर्यंत जाऊ देऊ नका. वाढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं. पॅरासिटामॉल साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारहून जास्त वेळा नाही. ते पुरलं नाही तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल तरच आयब्युप्रोफेन, तेही पोटात अन्न असताना. उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको. पहिले एक-दोन दिवस औषध घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघून नको.

त्याबरोबर कोमट शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघा. बर्फ कधीच नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. हलक्या हाताने तेल लावलं तर चालतं, रगडून मालिश नाही. घोटाघोटाने पाणी. आणि गोष्ट, गाणं, कॅरम, जे तिला आवडेल ते. हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या ऐवजी नाही.

सापळा: कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये नेलं की एक इंजेक्शन मिळतं आणि तासाभरात मूल हसतं. कधी कधी ते स्टेरॉइड असतं. त्याचा असर ओसरला की दुखणं दुपटीने उलटू शकतं. इंजेक्शन देण्याआधी नाव विचारा आणि लिहून घ्या. आमच्याकडे एका दवाखान्यात नाव सांगायला नकार दिला. आम्ही उठून आलो.

५. यात घरी थांबायचं नाही

- १०१.३ फॅरेनहाइट (३८.५ सेल्सियस) किंवा जास्त ताप. दुखणं असो वा नसो. यांची प्लीहा (तिल्ली, जंतूंशी लढणारा अवयव) नीट काम करत नाही, जंतुसंसर्ग तासांत वाढतो.
- छातीत दुखणं, धाप, खोकला, ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी.
- एकदम पांढरं फटक पडणं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगणं. रक्त प्लीहेत अडकतं. यात वेळ फार थोडा असतो. प्लीहा कशी चाचपायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, मूल बरं असताना कुठवर लागते ते माहीत असू द्या.
- तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फिट (झटका) येणं, न थांबणारी डोकेदुखी.
- मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून दुखणं, दोन तासांहून जास्त. मुलगा लाजून सांगत नाही. सात-आठ वर्षांचा झाला की बापाने त्याला हे सांगून ठेवावं.
- सतत उलट्या, पाणी टिकत नाही. किंवा औषध देऊनही आकडा सातच्या वर.

रात्र असेल तर १०८.

याशिवाय, घाईचं नाही पण टाळू नये असं एक: बरं झाल्यावरही लंगडणं किंवा जांघेत दुखणं आठवड्याहून जास्त टिकलं तर खुब्याचा एमआरआय विचारा. खुब्याच्या हाडाचं रक्त तुटलेलं असू शकतं, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही.

६. इमर्जन्सीत काय बोलायचं

इंदूरमध्ये एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, आणि मुलांसाठी एमजीएम मेडिकल कॉलेजचंच चाचा नेहरू बाल चिकित्सालय. खासगी रुग्णालय निवडणार असाल तर रक्तविकारांचे डॉक्टर तिथे रात्री फोनवर मिळतात का, हे शांत दिवशी विचारून ठेवा.

दारात पोचल्यावर लांबलचक कहाणी नको. “सिकलसेल एसएस, क्रायसिस, दुखणं आठ, दोन वाजता पॅरासिटामॉल दिलंय, ताप नाही.” एवढं म्हणा (क्रायसिस म्हणजे दुखण्याची खेप) आणि फाइल पुढे करा. आल्यापासून तासाभरात दुखण्याचं पहिलं औषध मिळावं, अशी जगभरातली शिफारस आहे. वाद न घालता दर थोड्या वेळाने विचारत राहा. मॉर्फिनचं (अफूपासूनचं, तीव्र दुखण्यावरचं औषध) नाव निघालं की नातेवाईक हबकतात. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने मूल व्यसनी होत नाही. श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, ते नर्स ठेवतात.

“दोन बाटल्या जास्त लावा, लवकर बरी होईल,” असा आग्रह धरू नका. गरजेपेक्षा जास्त सलाईन फुप्फुसांत त्रास करू शकतं. तसंच “रक्त चढवा” हाही. साध्या दुखण्यात रक्त लागत नाही. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीपेक्षा खूप उतरलं, छातीचा त्रास झाला किंवा पक्षाघात झाला तर लागतं. म्हणून बरं असतानाचं हिमोग्लोबिन किती, ते तुम्हाला पाठ हवं.

कोविडनंतर घरोघरी आलेलं तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र बॅगेत टाका. छाती-पाठ दुखत असताना मूल खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुसाचा तळ दबतो. जागं असताना दर दोन तासांनी दहा वेळा श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या. पोरांना हे खेळासारखं वाटतं, बापाशी पैज लावतात.

७. शाळा

जूनमध्येच, पहिलं आजारपण येण्याआधी, वर्गशिक्षिकेला भेटा आणि डॉक्टरांच्या सहीचं एक पानी पत्र द्या. त्यात एवढंच असावं: पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला कधीही जाऊ द्यावं, गणवेशाच्या रंगाचा नसला तरी स्वेटर चालवावा, पीटीत दमल्यावर थांबू द्यावं, थंड पाण्यात पोहणं नाही, दुखायला लागलं तर आधी घरी फोन. हा संसर्गजन्य आजार नाही, हेही एका ओळीत. बाकावर शेजारी कोणी बसेना, असं होतं ते या एका ओळीअभावी.

पीटीतून पूर्ण सूट मागू नका. धावणं, क्रिकेट, नाच, सगळं करू द्या. थांबायचं कधी, ते मुलाच्या हातात असावं. सुट्ट्यांतला अभ्यास फोटो काढून पाठवेल अशी एक वर्गमैत्रीण शोधा, तिच्या आईशी ओळख वाढवा.

८. सण, जागरण आणि भावंडं

जपून ठेवायच्या नादात मुलाचं बालपण घरात कोंडून घालू नका. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या रात्रभर चालतात. तीन तास बघून परत यायचं, दुपारी झोपवून न्यायचं, हातात थर्मास. रंगपंचमीची गेर जास्त अवघड. राजवाड्याला पाण्याच्या तोफा, ओले कपडे, ऊन आणि गर्दी, सगळं एकदम. ओळखीच्या कोणाच्या गॅलरीतून बघा, सुका गुलाल गच्चीवर खेळा. हट्ट धरला आणि भिजलीच तर भांडू नका. लगेच कोरडे कपडे आणि गरम दूध.

धाकट्या भावंडाला वाटतं की आजारी पडलं की आई मिळते. तोही एखाद्या दिवशी गुडघा धरून बसेल. त्याला वेगळा वेळ द्या, आणि त्याचीही एचपीएलसी करून घ्या. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला तर सख्ख्या भावंडाचं एचएलए (दात्याच्या आणि मुलाच्या पेशींची जुळणी बघायची खूण) जुळतं का, ते आधी बघतात.

दहा-अकराव्या वर्षापासून मुलाला आपली औषधं, डोस आणि नेहमीचं हिमोग्लोबिन स्वतः सांगता यायला हवं. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं की आपण तोंड बंद ठेवायचं. अवघड जातं.

९. फाइल आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र

एकाच प्लॅस्टिक फाइलमध्ये, या क्रमाने:

- वरच एक पान: नाव, वजन, रक्तगट, एसएस, नेहमीचं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन, रोजची औषधं, ॲलर्जी
- एचपीएलसीचा मूळ रिपोर्ट आणि त्याची झेरॉक्स
- शेवटचं डिस्चार्ज कार्ड, गेल्या वर्षाचे सीबीसी, डॉप्लर
- आजवर किती वेळा रक्त चढवलं, त्याच्या नोंदी
- लसीकरण कार्ड
- आधार, समग्र आयडी, आयुष्मान कार्ड, अभियानाचं सिकलसेल कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात सिकलसेल आहे, पण ही मुलं वरून धडधाकट दिसतात म्हणून पालक अर्जच करत नाहीत. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) करायचा, मग जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डापुढे तपासणी. टक्केवारी बोर्ड ठरवतं. बऱ्याच सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतात, परीक्षेतला जादा वेळही त्यावर मागता येतो. बोर्डापुढे मूल बहुधा ‘चांगल्या’ दिवशीच उभं राहतं, म्हणून भरती झाल्याची सगळी डिस्चार्ज कार्डं आणि दुखण्याची वही सोबत न्या. अर्जातलं नाव आधार आणि समग्रवर आहे तसंच, अक्षर न अक्षर सारखं हवं. ‘आडनाव आधी की नंतर’ यावरून अर्ज परत येतात. मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा टाकू देऊ नका, पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.